भरतीची रेघ

इथं तिवराला कुर्म म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चिखलात कासव शोधत राहिलो
आणि हाजी मक्की हसत राहिले,
गुडघाभर पाण्यात, जाळ्याच्या काठीला टेकून.
मग एक पान तोडून त्यांनी माझ्या जिभेवर ठेवलं.
खारट.
तेच, दाभोळच्या खाडीतलं,
ज्याच्या पाल्यापायी आमच्या म्हशी ओहोटी ओळखायच्या.

रविवार ते गुरुवार मी तुबलीच्या खाडीवर लेव्हल लावतो.
तिपाई, दुर्बीण, लाल-पांढरी पट्टी.
भराव कुठवर, किती उंच.
खुंटी मी ठोकतो, नारिंगी फीत मी बांधतो,
ट्रक फितीपर्यंत येतात, वीतभरही पुढे सरकत नाहीत.
कामाचा मी चोख आहे.
शुक्रवारी त्याच खाडीत, दुसऱ्या काठाला,
बूट काढून उतरतो.

सात-आठजण असतो. शीजा सिस्टर रात्रपाळी संपवून येते.
तोफज्जलला आठवड्यात हीच एक सकाळ मोकळी,
त्यातही तो कचराच उचलतो;
म्हणतो, तो पगाराचा, हा माझा.
मक्कींची नात झैनब वही घेऊन.
आमच्या मंडळाला नाव नाही.
नाव ठेवलं की नोंदणी, नोंदणीला पत्ता,
पत्त्याला मालक,
आणि आमच्यातल्या पाचजणांचा मालक
भलताच कुणीतरी आहे.

फेब्रुवारीत मात्र तीनशे माणसं आली.
बसगाड्या, मंडप, एका रंगाच्या टोप्या.
मऊ चिखल बघून दोरी धरली, ओळीनं रोपं लावली,
फोटो चांगले आले.
मक्की म्हणत होते, इथं नको, वर चला,
इथं पाणी बसतं ते उठतच नाही.
ज्याला म्हणत होते त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं.
तो म्हणाला, नकाशात इथंच आहे.
मी नकाशा पाहिला.
कोपऱ्यात, ‘तपासले’च्या खाली, माझीच सही.
उंची बरोबर होती.
भरतीला कुणी विचारलं नव्हतं.

एप्रिलपर्यंत ओळी काळ्या पडल्या.
झैनबनं लिहिलं: अकराशेपैकी चाळीस.
मग वाकून पाहिलं, खोडलं. एकोणचाळीस.

त्या शुक्रवारी मी न विचारता साइटवरची लेव्हल आणली.
मक्की पुढे, अनवाणी.
खेकड्यांची बिळं दाट दिसली की थांबायचे,
टाचेनं चिखल दाबायचे, म्हणायचे, हं.
तिथं तोफज्जल पट्टी धरी, मी आकडा वाची.
साडेतीनशे मीटर चाललो, बावीस वेळा हं.
बावीसच्या बावीस एका उंचीवर,
फरक चार बोटांचा.
मी दुर्बीण पुसली. पुन्हा वाचलं.
मक्की म्हणाले, झालं का, ऊन चढतंय.

तिथं लावलेली जगताहेत. सगळी नाहीत.
दोनदा बकऱ्या आल्या, एकदा तेलाचा तवंग,
एकदा आमच्यातच भांडण, पाणी कुणी आणायचं यावरून;
सिस्टर तीन शुक्रवार आली नाही.

परवा नवा नकाशा आला.
खुंटी एकशे बारा
झैनबच्या वहीतल्या नवव्या ओळीवर पडते.
मी ठोकली. सरळ ठोकली.
संध्याकाळी तिला सांगितलंसुद्धा.
ती काही बोलली नाही. वहीत लिहिलं:
एकशे बारा, नारिंगी, तारीख,
आणि माझं नाव, बापाच्या नावासकट.

हरकत घ्यायला तीस दिवस आहेत.
मक्की इथले, पण त्यांना अक्षर येत नाही.
झैनबला येतं, ती सोळाची.
मला आकडे येतात,
माझं कार्ड सप्टेंबरात संपतं,
कुर्माच्या बिया गळतात तेव्हा.

काल रात्री मक्कींच्या ओट्यावर
बल्बाखाली तिघं बसलो.
बावीस आकडे मी सांगितले, अर्ज झैनबनं लिहिला.
माझं नाव कुठं येऊ नये, असं मीच म्हणालो,
म्हणताना तिच्याकडे बघितलं नाही.

मग मक्कींनी अंगठा उठवला
आणि शाई वाळेपर्यंत तो हवेत धरून बसले,
जाळं टाकल्यावर
पाणी फिरायची वाट बघतात तसे.